पाच डोमेन, दोन जीबी रॅम

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शुक्रवारी रात्री साडेनऊला देवगडहून मामाचा फोन आला, "काय रे, साइट उघडणा नाय, लोक फोन करतत." मी जेवत होतो, डाव्या हाताने फोनवर साइट उघडून बघितली, बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग पांढऱ्या पानावर ५०२ बॅड गेटवे, म्हणजे मागचा प्रोग्रॅम उत्तर देत नाही. हात धुवून लॅपटॉप उघडेपर्यंत आई बाहेर येऊन म्हणाली, अरे माझ्या रेसिपीच्या ब्लॉगवर पण डेटाबेसचं काहीतरी इंग्रजीत येतंय बघ. मामाची साइट जँगो या पायथनच्या साच्यात, आईचा ब्लॉग वर्डप्रेसवर, डोमेन म्हणजे साइटची नावं वेगळी, डेटाबेससुद्धा एकाचा पोस्टग्रेस आणि दुसऱ्याचा मायएसक्यूएल, म्हणजे दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. फक्त सर्व्हर एक. आणि त्या रात्री दोघांनाही पाडणारा तिसराच होता.

माझ्याकडे एक छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, आहे, दोन जीबी रॅम, एक कोअर, ५० जीबी डिस्क, महिन्याला जीएसटी धरून साधारण हजार-बाराशे जातात. त्याच्यावर पाच डोमेन चालतात: मामाचं हापूसच्या पेट्यांचं बुकिंग, आईचा ब्लॉग, आमच्या ट्रेक ग्रुपची नोंदणी जी नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, लिहिलेली आहे, आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाचा पुस्तकांचा कॅटलॉग, आणि हा ब्लॉग जो नुसत्या एचटीएमएल फाइल आहेत त्यामुळे त्याचा कोणाला काही त्रास नाही. पाच वेगळे सर्व्हर घ्यायचे तर पैसे पाचपट आणि अपडेट मारायचं कामही पाचपट, आणि वाचनालयाकडून तर मी पैसे घेतच नाही, त्यामुळे एकच घेतला आणि अजूनही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

पण एका सर्व्हरवर अनेक डोमेन कशी लावायची याचं जे काही नेटवर मिळतं ते साइट उघडली की थांबतं. नावं वेगळी करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे हो. त्यानंतर ही पाच बिऱ्हाडं एकाच रॅमवर, एकाच डिस्कवर, एकाच कर्नलखाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याखाली, वर्षानुवर्षं राहणार असतात आणि त्यांच्यात भिंती घालायचं काम कोणी सांगत नाही. मी ते उशिरा शिकलो आणि त्याची किंमत मामाने मोजली, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी नावांचं सांगतो कारण ते कळलं नाही तर पुढचं कळत नाही. एचटीटीपी ही ब्राउझर आणि सर्व्हरची बोलायची भाषा. सुरुवातीच्या एचटीटीपीमध्ये ब्राउझर सर्व्हरला फक्त अमुक पान दे एवढंच म्हणायचा, कुठल्या साइटचं ते सांगायचाच नाही, कारण एका आयपीवर, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, एकच साइट असणार हे गृहीत धरलेलं होतं. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चं स्टँडर्ड आलं आणि त्यात होस्ट हेडर सक्तीचा झाला, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टमध्ये मला या नावाची साइट हवी आहे अशी एक ओळ पाहिजेच, नसेल तर सर्व्हरने ४०० ही एरर देऊन परत पाठवायचं. बस, ही एक ओळ. आज एका आयपीवर शेकडो साइट चालतात त्या या ओळीच्या जोरावर. आयपी व्ही४ चे पत्ते सगळे मिळून ४३० कोटीच्या आसपास, आणि आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा मोकळा साठा १५ एप्रिल २०११ ला शेवटच्या राखीव तुकड्यावर आला, त्यामुळे होस्ट हेडर नसता तर माझ्यासारख्याला पाच साइटसाठी पाच पत्ते कोणी दिले असते असं वाटत नाही.

एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूप लावलेल्या एचटीटीपीची, गोष्ट जरा वेगळी. तिथे होस्ट हेडर कुलूपबंद पेटीत येतो, आणि पेटी उघडायच्या आधीच सर्व्हरला मी खरंच या नावाची साइट आहे असं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. मग कोणाचं दाखवायचं, मामाचं का वाचनालयाचं? यावर २००३ मध्ये एसएनआय आलं, म्हणजे ब्राउझर कनेक्शन सुरू करतानाच, पहिल्याच निरोपात, साइटचं नाव सांगून टाकतो. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच आलं नाही, आणि एक्सपी आपल्याकडे किती वर्षं चालला ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुढची बरीच वर्षं लोक प्रत्येक एचटीटीपीएस साइटला वेगळा आयपी घेत राहिले. त्यात सर्टिफिकेट विकत घ्यावं लागायचं. फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट ३ डिसेंबर २०१५ ला सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा कुठे छोट्या माणसाला हे सगळं परवडायला लागलं.

आता माझ्या सर्व्हरवर ८० आणि ४४३ या दोन पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या दारांवर, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसलेला आहे. तो होस्ट बघतो आणि ज्याची त्याची रिक्वेस्ट ज्याच्या त्याच्या दारात सोडतो, मामाची साइट ८००१ वर, ट्रेकची ३००० वर, वाचनालय ८००२ वर, आईचा वर्डप्रेस पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या सॉकेटवर. प्रत्येक डोमेनची एक कॉन्फिग फाइल, त्यात सर्व्हर नेमच्या ओळीत डोमेनचं नाव. कोणी नवीन सुरुवात करत असेल तर कॅडी हा दुसरा वेब सर्व्हर वापरा असंच मी सांगेन, दोन ओळींत डोमेन लागतं आणि सर्टिफिकेट तो स्वतःच आणतो. मी एन्जिनएक्सवर आहे कारण हाताला तो बसलाय.

यात पहिला मार बसला तो डिफॉल्टचा. वाचनालयाच्या काकांची इच्छा होती की वाचनालयाचं नाव पत्त्यातही मराठीतच पाहिजे. मला ही कल्पना फार आवडली, .भारत हे डोमेन २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळतं आणि आपण मराठी लोक ते वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तर ते घेतलं, डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत, ए रेकॉर्ड टाकला, कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हर नेमपुढे देवनागरीत नाव लिहिलं, एन्जिनएक्स रीलोड केला, काही एरर नाही. काकांना फोन करून सांगितलं उघडा. त्यांनी उघडलं आणि म्हणाले, "अहो, हे काय, इथे तर आंब्याच्या पेट्यांचे भाव दिसतायत."

झालं होतं असं की ब्राउझर आपल्याला देवनागरी दाखवतो पण वायरवर देवनागरी जातच नाही. ते नाव पुनीकोड नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत बदलून जातं, सुरुवातीला एक्सएन आणि दोन डॅश आणि पुढे न वाचता येणारं काहीतरी, नुसत्या .भारतचंच एक्सएन--एच२बीआरजे९सी होतं. माझ्या फाइलमध्ये देवनागरी, आलेल्या होस्टमध्ये एक्सएनवालं, दोन्ही जुळेनात. आणि एन्जिनएक्सला होस्ट कुठल्याच फाइलशी जुळला नाही की तो नाही म्हणत नाही, त्या पोर्टवरचा जो पहिला सर्व्हर ब्लॉक, म्हणजे एका साइटची नोंद, असेल त्याच्याकडे पाठवून देतो. फोल्डरमधल्या फाइल नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. मामाच्या फाइलचं नाव रोमनमध्ये आंबा, म्हणजे ए अक्षराने सुरू, म्हणून सगळ्यात पहिला मामा. ज्याचं कोणी नाही त्याचे देवगड हापूस.

हे मराठी डोमेन होतं म्हणून लवकर लक्षात आलं. नाहीतर एरवी सुद्धा हे होतच असतं, कोणी नुसता आयपी टाकतो, कोणाचं तरी जुनं डोमेन अजून तुमच्या आयपीकडे बोट दाखवत असतं, किंवा नवीन डोमेनचं सर्टिफिकेट अजून घ्यायचंय आणि कोणी एचटीटीपीएसने उघडतो, ते सगळे पहिल्या ब्लॉकवर जाऊन पडतात आणि गूगलही ते वाचून ठेवतो. म्हणून आता माझ्याकडे शून्य शून्य ने सुरू होणारी एक फाइल आहे, तिच्यात डिफॉल्ट सर्व्हर असं स्पष्ट लिहिलंय, ८० वर आलेल्या अनोळखी नावाला ४४४, म्हणजे काही उत्तर न देता कनेक्शन बंद, आणि ४४३ वर हँडशेकच, म्हणजे कनेक्शनच्या सुरुवातीची ओळखच, नाकारायचा. ही दुसरी सोय एन्जिनएक्स १.१९.४ पासून आहे, त्याआधी लोक यासाठी खोटं सर्टिफिकेट बनवून ठेवायचे. नवीन सर्व्हर लावला की पहिली फाइल हीच, साइटच्या फाइल मागाहून.

दुसरी गोष्ट होस्टचीच, पण एक पायरी आत. एन्जिनएक्स मागच्या ॲपला रिक्वेस्ट देतो तेव्हा तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर मूळ होस्ट देत नाही, स्वतः ज्या पत्त्यावर पाठवतोय तोच पत्ता होस्ट म्हणून लिहितो. म्हणजे मामाच्या जँगोला वाटायचं की गिऱ्हाईक १२७.०.०.१:८००१ या नावाच्या साइटवर आलंय, आणि १२७.०.०.१ हा तर प्रत्येक मशीनचा स्वतःपुरता पत्ता. जँगो याबाबत कडक आहे, अलाउड होस्ट्सच्या यादीत नसलेलं नाव आलं की सरळ ४००. एररमध्येच त्याने सुचवलं होतं की १२७.०.०.१ यादीत टाकावं लागेल बहुतेक, आणि मी ते मुकाट्याने टाकलं, साइट चालू झाली, मी खूश. चार दिवसांनी दादरहून एका बाईंचा मामाला फोन, की ऑर्डरची मेल आली पण पेटी कुठपर्यंत आली ते बघायची लिंक उघडत नाही. मेल मागवून बघितली तर लिंक सुरूच होत होती १२७.०.०.१:८००१ ने. जँगो पूर्ण लिंक बनवताना होस्टवरून बनवतो, आणि होस्ट त्याला मीच चुकीचा देत होतो. दुरुस्ती एन्जिनएक्सच्या फाइलमध्ये एका ओळीची, मूळ होस्ट जसाच्या तसा पुढे पाठव, आणि सोबत एक ओळ की गिऱ्हाईक एचटीटीपीएसने आलंय, नाहीतर लिंकमध्ये एस गायब होतो. आणि १२७.०.०.१ यादीतून काढून टाकलं. एरर जे सुचवतो ते केल्यावर एरर जातो हे खरं, पण तो का आला होता ते शोधायचं राहून जातं.

सर्टिफिकेटबद्दल थोडंसं. मी आधी सगळ्या डोमेनचं मिळून एकच सर्टिफिकेट घेतलं होतं, आता प्रत्येकाचं वेगळं घेतो. एकत्र असलं की कोणीही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून मामाच्या साइटवरून ट्रेक ग्रुपचं आणि आईच्या ब्लॉगचं नाव वाचू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एका डोमेनचा डीएनएस बिघडला की बाकी सगळ्यांचं रिन्यू अडकतं. ट्रेकवाल्या डोमेनला आधीच्या होस्टिंगचा एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपी व्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता, राहून गेला होता, लेट्स एन्क्रिप्ट आयपी व्ही६ असेल तर आधी तिकडे जाऊन बघतो, तिकडे जुना सर्व्हर, त्यामुळे तपासणी फेल, आणि त्या एकामुळे सगळे अडकलेले.

आणि रिन्यू झालं म्हणजे झालं असं नाही. ९० दिवसांचं सर्टिफिकेट, सर्टबॉट हा प्रोग्रॅम ३० दिवस उरले की नवीन आणतो, त्याने आणलंही होतं, डिस्कवर नवीन फाइल व्यवस्थित होती, पण एन्जिनएक्स सुरू होताना वाचलेलं जुनंच मेमरीत धरून बसला होता कारण रीलोड करा असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एका रविवारी सकाळी वाचनालयाची साइट लाल. आता रिन्यूनंतर रीलोड करणारा हुक आहे, आणि रोज पहाटे एक छोटी स्क्रिप्ट घरच्या मशीनवरून पाचही डोमेनला बाहेरून जोडून बघते की दाखवलं जाणारं सर्टिफिकेट किती दिवसांचं उरलंय. बाहेरून हे महत्त्वाचं, सर्व्हरवरची फाइल बघून उपयोग नाही. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट संपायच्या आधी मेल पाठवायचं, ते त्यांनी ४ जून २०२५ पासून बंद केलंय. आणि सर्टिफिकेटचं आयुष्य कमी कमीच होत जाणार आहे, १५ मार्च २०२९ पासून कुठल्याही कंपनीचं सार्वजनिक सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४७ दिवसांचं, त्यामुळे हे हाताने करत असाल तर आत्ताच सोडा.

आता शुक्रवारची रात्र.

लॉगिन व्हायलाच दोन मिनिटं लागली. एचटॉप, म्हणजे कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम, उघडलं तर रॅम पूर्ण भरलेली, रॅम संपली की वापरायचा डिस्कवरचा दोन जीबीचा स्वॅपही तसाच, आणि यादीत सगळ्यात वर ट्रेकवालं नोड. त्या रात्री आठ वाजता कळसूबाईच्या नाइट ट्रेकची नोंदणी उघडली होती, साठ जागा, ग्रुपवर आधीच सांगितलेलं की पहिल्यांदा भरेल त्याला, त्यामुळे आठच्या ठोक्याला सगळे एकदम फॉर्मवर. फॉर्ममध्ये ओळखपत्राचा फोटो टाकायचा होता. एन्जिनएक्स मुळात १ एमबीच्या वरची फाइल घेत नाही, ४१३ देतो, तशी तक्रार मागच्या ट्रेकला आली होती म्हणून मीच ती मर्यादा वाढवून ५० एमबी करून ठेवली होती. हल्लीच्या फोनचा ५० मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर दहा-बारा एमबीचा दिसतो हो, पण तो लहान करायचा म्हणून प्रोग्रॅममध्ये उघडला की दाबलेला राहत नाही, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर पाच कोटी पिक्सेलचे २०० एमबी. एका फोटोचे. सहा जणांनी एकाच वेळी सबमिट दाबलं की १२०० एमबी, आणि तिथे साठ जण दाबत होते, अडकलं म्हणून परत दाबत होते.

आणि मरतं कोण? मला वाटायचं की मेमरी संपली की जो खातोय तो मरेल. तसं नाहीये. कर्नलचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम मारणारा भाग, त्या क्षणी कोणाला मारलं की जास्तीत जास्त जागा मोकळी होईल ते बघतो. नोडची मेमरी वर-खाली होत होती, फोटो झाला की खाली, पुढचा आला की वर, आणि मायएसक्यूएल आपला एका जागी शांत पाचशे एमबी धरून बसलेला. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि पुढे मायएसक्यूएलडी. प्रोग्रॅम चालू ठेवणारं सिस्टिमडी त्याला परत उठवत होतं, तो उठून आपला डेटा तपासायला लागला की कर्नल परत मारत होता, लॉगमध्ये मी सात वेळा मोजलं. म्हणून आईच्या ब्लॉगवर डेटाबेसची तक्रार. मामाचा पोस्टग्रेस मेला नव्हता पण सगळं स्वॅपमध्ये गेल्यामुळे प्रत्येक क्वेरी रांगत होती, आणि जँगो ज्याच्यात चालतो त्या गनिकॉर्नचा टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो, त्यात उत्तर आलं नाही की तो स्वतःच्याच वर्करला, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसला, मारून टाकतो. वर्कर मेला की एन्जिनएक्सला मागे कोणी सापडत नाही, म्हणून ५०२. म्हणजे पोलिसांना विचारलं तर गुन्हेगार मायएसक्यूएल आणि गनिकॉर्न दिसले असते, आणि ज्याने हे केलं तो नोड शेवटपर्यंत जिवंत.

मी ट्रेकची साइट बंद केली, दोन मिनिटांत बाकी सगळं उभं राहिलं. पण आठ ते पावणेदहा, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शुक्रवारी, पगार झालेला, लोक घरी बसून आंबे मागवतायत, असा वेळ मामाचा गेला. मामा मला एका शब्दाने बोलला नाही. म्हणाला, "जाव दे, सकाळी परत करतीत." त्याने वर्षभर झाडं सांभाळायची, थ्रिप्सपासून अवकाळीपर्यंत सगळं झेलायचं, आणि विकायच्या दीड महिन्यातले दोन तास माझ्या चुकीने जायचे, हे मला फार लागलं.

त्या शनिवारी आणि रविवारी मी जे केलं ते खरं तर पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. प्रत्येक ॲप सिस्टिमडीखाली चालतंच होतं, त्याच्या युनिट फाइलमध्ये मेमरी मॅक्स नावाची एक ओळ टाकता येते. ट्रेकला ३५० एमबी. आता त्याने त्याच्या वर मागितलं तर त्याच्याच हद्दीतला प्रोसेस मरतो, शेजारच्यांना कळतही नाही. मामाला ५००, वाचनालयाला २००, मायएसक्यूएललाही हद्द. आईच्या पीएचपीला एका वेळी फक्त तीन प्रोसेस, तेवढे तिला पुरून उरतात. मामाच्या गनिकॉर्नला तीन वर्कर, त्यांच्याच सूत्राप्रमाणे कोअर गुणिले दोन अधिक एक. हे सगळे आकडे मी वहीत लिहून बेरीज केली आणि बेरीज दोन जीबीच्या आत बसेपर्यंत कापत गेलो. ही बेरीज मी त्याआधी कधी केलीच नव्हती, साइट लावताना प्रत्येक वेळी फ्री कमांड मारून अजून जागा दिसतेय म्हणून पुढची लावली होती. फ्री मध्ये जी जागा दिसते ती दुपारी दोनची असते, नोंदणी उघडल्यानंतरच्या रात्री आठची नसते.

फोटोचं म्हणाल तर आता तो फोनमधल्या ब्राउझरमध्येच लहान होऊन येतो, आणि तरीही आलेले फोटो एका रांगेत, एका वेळी एकच. मर्यादा परत ५ एमबी.

मग म्हटलं भिंती घालतोच आहे तर बाकीच्याही घालू. तोपर्यंत सगळी ॲप माझ्याच एका लिनक्स युजरखाली चालायची. म्हणजे आईच्या वर्डप्रेसच्या एखाद्या प्लगइनमध्ये भोक निघालं असतं, आणि वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये ती निघतातच, तर आत आलेल्याला मामाच्या साइटचा डेटाबेसचा पासवर्ड नुसता फाइल उघडून वाचता आला असता, आणि तिथे लोकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. डोमेन वेगळं असल्याचा इथे काडीचा उपयोग नाही. आता पाच साइटला पाच युजर, एकाचं फोल्डर दुसऱ्याला वाचता येत नाही, डेटाबेसचाही युजर वेगळा आणि त्याला फक्त स्वतःचा डेटाबेस दिसतो. पीएचपी-एफपीएमचा पूल आईच्या युजरच्या नावाने. याला एक पूर्ण दुपार गेली, परवानग्या जुळवताना दोन-तीनदा ४०३, म्हणजे परवानगी नाही, आले, पण या सगळ्यात मला सगळ्यात गरजेचं काम हेच वाटतं, मेमरीच्याही आधी.

याच दुपारी एक नको ते दिसलं. कुठले पोर्ट उघडे आहेत ते बघायला एसएस कमांड मारली, तर वाचनालयासाठी डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद डब्यात, चालवलेला पोस्टग्रेस ५४३२ वर ०.०.०.० ला ऐकत होता, म्हणजे सगळ्या जगासाठी. यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल चालू होती, तिच्यात फक्त २२, ८० आणि ४४३ ला परवानगी. तरी उघडा, कारण डॉकर पोर्ट पब्लिश करताना आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत, स्वतःचे नियम थेट घालतो आणि ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. उपाय सोपा, पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहायचं. पण यूएफडब्ल्यू स्टेटस बघून निर्धास्त असलेले माझ्या ओळखीतच दोघं निघाले, त्यामुळे हे वाचत असाल आणि डॉकर वापरत असाल तर आत्ता बाहेरच्या दुसऱ्या मशीनवरून तपासून घ्या.

डिस्कचं पण तसंच. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, आपोआप चालू असतो आणि ३० दिवस साठतो, आईच्या ब्लॉगवरच्या एका आकडेवारीच्या प्लगइनमुळे तो १४ जीबी झाला होता. डिस्क भरली की पाचही जणांची भरते. दिवस कमी करून ३ केले. आणि मेल मी या सर्व्हरवर ठेवतच नाही, एका आयपीची पत गेली की पाचही डोमेनच्या मेल स्पॅममध्ये, ती डोकेदुखी बाहेरच बरी.

यानंतर मेमध्ये राजमाचीच्या काजवा ट्रेकची नोंदणी झाली, रात्री आठलाच. मी समोर बसून बघत होतो. ट्रेकवालं ॲप एकदा स्वतःच्या ३५० एमबीला जाऊन आपटलं, मेलं, पाच सेकंदांत परत उठलं, ज्याचा फॉर्म अडकला असेल त्याने परत भरला असेल. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत मामाच्या साइटचा लॉग सरकत होता, बोरिवली, कोथरूड, नाशिक, एकेक पेटी, प्रत्येक रिक्वेस्टला २००, म्हणजे सगळं ठीक.

तरीसुद्धा मामाची साइट मी आता हलवतोय. भिंती घातल्या तरी कोअर एकच आहे आणि डिस्क एकच आहे, आणि पाचांपैकी चार जणांची साइट एक रात्र बंद राहिली तर कोणाचं पोट अडत नाही, मामाचं अडतं. ज्याचा वर्षाचा पैसा दीड महिन्यात येतो त्याला शेजार नको. पावसाबरोबर सीझन संपलाय, त्यामुळे घाई नाही. नवीन छोटा सर्व्हर मुंबईतच घेतलाय, शून्य शून्यवाली फाइल टाकून झाली, युजर बनवला, काल पोस्टग्रेसचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, उतरवून तिकडे चढवून ऑर्डरी मोजून बघितल्या, जुळल्या. डीएनएसचा टीटीएल, म्हणजे पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ते, एक दिवसाचा होता तो आज सकाळी ३०० सेकंदांवर आणलाय, म्हणजे उद्यापर्यंत दिवसभर धरून ठेवायचं जुनं उत्तर सगळीकडून विसरलं जाईल, आणि रविवारी रात्री जुन्या सर्व्हरवरचं बुकिंग बंद करून, शेवटचा डंप घेऊन, ए रेकॉर्ड बदलतो. जुना सर्व्हर आठवडाभर नुसता नवीनकडे पाठवत राहील. मामाला सांगितलंय रविवारी नऊनंतर अर्धा तास साइट बघू नको, म्हणाला, "पावसात कोण आंबे मागतलो रे."